पाटीमागची दोन नावं

मांजरसुंबा
ता. २१ सप्टेंबर १९८६

ती. सौ. केसरताईस,
रामकिसनचा शि. सा. न. वि. वि.

कलकत्त्याचं पार्सल एकदाचं आलं! पोस्टमननं ते सायकलवरून उतरवलं तर अर्धी गल्ली जमली. आत इलेक्ट्रिक गिटारीचं लाकडी अंग, वेगळी मान, सहा तारा आणि एक पांढरी प्लास्टिकची पाटी. विजेचं सगळं सामान त्या पाटीच्या मागं बसवायचं. आईनं सगळं निरखून पाहिलं आणि विचारलं की असल्या दुष्काळात एवढ्या लांबून लाकूड काहून मागवलं, सरपण काय गावात मिळत न्हाई? मी सांगितलं की हे वाजायचं लाकूड आहे. तिला काही पटलं नाही.

अंग आणि मान मी घासूनपुसून बसवतो, तेवढी सुतारकी मला येते. पण वायरिंगचा कागद बघून घाम फुटला. आण्णांचा रेडिओ मी उघडायचो आणि नीट करून बंद तू करायचीस, ते आठवतं ना? म्हणून पाटी आणि सामान उद्या माजलगाव गाडीच्या कंडक्टरजवळ देतो.

खरी बातमी पुढंच आहे. आपल्या दूध संघानं सहकार सप्ताहात प्रदर्शन ठेवलं आहे, सभासदांच्या घरी हातानं बनवलेल्या यंत्रांचं. पहिल्या नंबराला प्रमाणपत्र, आणि वर्षभराचं काम! गावोगावच्या डेअऱ्यांत दुधाची फॅट काढायची नवी विजेची मशिनं आलीत, त्यांची दुरुस्ती. यंदा जनावरं छावणीला आणि दूध आटलेलं, पण मशिनं आली ती आलीच. आपण दोघांच्या नावानं उतरायचं.

दाजींना नमस्कार. या भावावरची माया यंदाच्या विहिरीसारखी आटू देऊ नको.
तुझा,
रामकिसन

दिंद्रुड
ता. ८ ऑक्टोबर १९८६

चि. रामकिसन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाटी सुखरूप पोचली. कंडक्टरनं ती मांडीवर घेऊन आणली म्हणे, बॉम्ब आहे का अशी शंका त्याला येत होती.

पहिल्या दिवशी मी चांगलीच फसले. काळी वायर म्हणजे परतीची, ही आपली घरच्या वायरिंगची सवय. या कलकत्तेवाल्यांचं सगळं उलटं, काळीतून आवाज येतो आणि पांढरी अर्थिंगची. मी सवयीनं जोडून आमच्या रेडिओच्या दुकानातल्या अँप्लिफायरला लावली, तर म्हैस व्याल्यागत हंबरायला लागली. सगळं काढलं, पुन्हा सोल्डर मारला. आता टिचकी मारली की स्वच्छ टण्ण वाजते. तुझ्यासारख्या घाईच्या माणसानं केलं असतं तर अजून हंबरत बसली असती.

आता एक मनातलं लिहिते. तुझे दाजी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलतात आणि पडद्यामागं दुरुस्ती मी करते, हे तुला माहीत आहेच. दुरुस्त केलेल्या रेडिओच्या पोटात तारीख आणि नाव लिहायची रीत असते, पुढं उघडणाऱ्याला कळावं म्हणून. आजवर प्रत्येक रेडिओत मी ह्यांचंच नाव लिहिलं, आसाराम घुगे. त्याचं कधी काही वाटलं नाही. पण यंदा रेडिओ दुरुस्त करायला येतो कोण? मुकादम दोनदा येऊन गेला. ह्यांचं म्हणणं, दुकानाला कुलूप घालून ऊसतोडीला जाऊ. संघाचं काम मिळालं तर ते टळेल, रामकिसन. आणि खरं सांगू, माझ्या नावाचा एक कागद मला या भिंतीवर हवा आहे. सातवीतून काढलं तेव्हापासून हवा आहे.

पाटी घेऊन भाऊबीजेलाच येते. शेवटची वायर तिथं जोडीन. आईच्या गुडघ्यांना जप, आणि मला विसरू नको.
तुझी ताई,
केसर

मांजरसुंबा
ता. ७ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि घर सुनं झालं. गिटार मात्र तू ठेवून गेलेल्या अँप्लिफायरवर गातेय! शेजारचा चाँद मेकॅनिक ऐकायला आला होता, तो म्हणाला की ही कंपनीची नाही हे अल्लाला सांगितलं तरी पटायचं नाही.

ओवाळणीत लुगडं देता आलं नाही याची मला लाज वाटत होती. तू म्हणालीस की लुगडं नको, अर्जावर माझं नाव घाल, तीच ओवाळणी. मी आईच्या देखत शब्द दिला आहे, तो दिला. परीक्षक पाटी उघडून बघणार आहेत, तेव्हा तू मागं चिकटवलेला कागदही त्यांना दिसेल: केसर मुंजाजी, रामकिसन मुंजाजी. आण्णा असते तर त्यांनी तो कागद चारदा वाचला असता.

निकाल लागला की लगेच कळवतो. तोवर आशीर्वाद असू दे.
तुझा,
रामकिसन

मांजरसुंबा
ता. २३ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. धावपळ फार होती. प्रदर्शन बरं झालं, नंबर आला. बाकी सविस्तर भेटीत.

एक अडचण आहे. गिटार आता सारखी घूं करते. तारांना हात लावला की घूं आणखी वाढते. कारण काय असावं? २६ जानेवारीला संघाच्या कार्यक्रमात वाजवायची आहे, तेव्हा लवकर कळव. आई बरी आहे.
रामकिसन

दिंद्रुड
ता. २९ नोव्हेंबर १९८६

चि. रामकिसन यास,
आशीर्वाद.

हात लावल्यावर घूं वाढते, म्हणजे तारांच्या पट्टीखाली जाणारी अर्थिंगची वायर सुटली आहे. दुसरं काही नाही. उत्तर संपलं.

आता माझा प्रश्न. ती वायर आपोआप सुटत नाही. भाऊबीजेच्या दिवशी मी ती पाटीच्या मागं सोल्डरनं जोडली, हलू नये म्हणून पाटीवर आडवी बसवली आणि तिच्यावर आपल्या नावांचा कागद खळ लावून चिकटवला. तू बॅटरीचा उजेड धरून शेजारीच होतास. तो कागद ओढून फाडल्याशिवाय वायर निघत नाही.

कागद कुणी फाडला, रामकिसन? नंबर आला लिहितोस आणि प्रमाणपत्राबद्दल एक अक्षर नाही. चार ओळींचं पत्र तू मला आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंस. जे असेल ते खरं लिही, मी वाट बघते.
ताई

मांजरसुंबा
ता. ७ डिसेंबर १९८६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. अर्जावर नावाची ओळ एकच होती. संघातल्या बाबूनं सांगितलं की सभासदाच्या घरातलंच माणूस लागतं, लग्न झालेली लेक दुसऱ्या घरची. मी म्हटलं, निदान काम तरी घरात यावं. मग परीक्षक पाटी उघडणार, आत दोन नावं दिसली तर अर्जच बाद होईल, अशी भीती वाटली. आदल्या दिवशी कागद काढला. प्रमाणपत्र माझ्या नावानं आलं आणि मशिनच्या कामाचा हुकूमही.

पण तुझं नुकसान मी होऊ देणार नाही. बिघडलेली मशिनं मी तुझ्याकडं घेऊन येत जाईन, तू पडद्यामागं दुरुस्त कर, कुणाला कळणार नाही. निम्मी मिळकत तुझी. दुरुस्तीसाठी पाटी पाठवली आहे. राग सोड, लहान भाऊ समजून पदरात घे.
तुझाच,
रामकिसन

दिंद्रुड
ता. १६ डिसेंबर १९८६

रा. रा. रामकिसन मुंजाजी तांदळे यांस,
स. न. वि. वि.

आपली पाटी दुरुस्त करून पाठवली आहे. अर्थिंगची वायर नवी घातली आहे. तिचं मोकळं टोक तारांच्या पट्टीखाली घालून पेच आवळावेत, तेवढं आपल्याला जमेल. मागं कागद लावलेला नाही, त्यामुळं काही फाडावं लागणार नाही.

आपण पडद्यामागं बसायला सांगता. नवऱ्यासाठी मी पडद्यामागं बसले, कारण तिथून बाहेर काढायचा शब्द त्यांनी कधी दिला नव्हता. आपण दिला होता, ओवाळून घेताना. बाबूनं काय सांगितलं ते मला कळवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. विचारलं असतंस ना रामकिसन, तर मीच म्हणाले असते, घाल बाबा तुझं एकट्याचं. तू विचारलंच नाहीस.

उद्या आमचा ट्रक निघतो. मुकादमाच्या वहीत आम्हा दोघांचा मिळून एक कोयता लिहिला आहे. तिकडं नवरा-बायको मिळून कोयता एकच धरतात आणि नाव नवऱ्याचंच लिहितात. त्याचं मला वाईट वाटलं नाही. मुकादम काही माझा भाऊ नाही.

आईला यातलं काही सांगू नये. पाटीच्या खाली फडक्यात गुंडाळून माझी सोल्डरगन ठेवली आहे, ती आपल्याकडंच राहू द्यावी. उसाच्या फडावर राहायला पाचटाच्या कोप्या, तिथं लाईट नसते.

केसर