नावाआधीची चार बोटं काळी

पिंप्राळा, जळगाव
रविवार

ती. शालिग्राम नाना यांस,

प्रेमराजचा साष्टांग नमस्कार. (नावाच्या आधी काय लिहावं याची आता धास्तीच बसली आहे. चुकलं असेल तर आपल्या हाताने खोडावं.) इकडे आम्ही जसे असायला हवे तसे नाही. आपली व वहिनींची प्रकृती ठणठणीत असावी. हे वाक्य माझ्या प्रत्येक पत्रात असतंच, पण या वेळी ते मी हात जोडून लिहितो आहे.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, ते बरोबरच आहे. सख्ख्या भाचीच्या लग्नपत्रिकेत मामाच्या नावाआधी 'कै.' छापून येतं, भडगावची माणसं तोंडं पाडून तुमच्या ओट्यावर सांत्वनाला येतात, आणि दार तुम्ही स्वतः उघडता! त्यानंतर कोण फोन उचलेल? धुळ्याच्या व्याह्यांनी तर सुतक कधी फिटतं ते विचारून घेतलं. मला फार शरम वाटते, नाना. पण हे झालं कसं ते एकदा वाचा, मग काय ती शिक्षा करा.

तुमच्या तेजसने पुण्याला जाताना मला दिलेला तो जुना लॅपटॉप आठवत असेल. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या स्क्रीनवर डाव्या बाजूला चार बोटं रुंदीची काळी पट्टी आली. तुमची बहीण कोकिळा म्हणाली, दुकानात न्या. पण जो माणूस चौतीस वर्षं दीपनगरच्या वीज केंद्रात काढून निवृत्त झाला (स्टोअरमध्ये का असेना), त्याने काळोख घालवायला दुसऱ्याकडे जायचं? मी स्वतःच बसलो. आधी बंद करून चालू केला. मग बॅटरी काढली, फुंकर मारली, परत घातली. स्क्रीनवर टॉर्च मारला तर पट्टीत अंधुक काहीतरी हललं आणि माझा हुरूप वाढला. (ते माझंच तोंड होतं.) शेवटी शोध लागला की झाकण अर्धं मिटलं की पट्टी दोन बोटांवर येते, म्हणजे दोष बिजागरीतल्या वायरीचा. मग कपड्यांचे चिमटे लावून झाकण तसंच धरलं आणि मी जमिनीवर आडवा होऊन टाइप करू लागलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना कोकिळा सांगायची, यांची पाठ धरली आहे. तिसऱ्या दिवशी खरंच धरली. मी उठून बसलो, चिमटे काढले आणि पट्टी पुन्हा चार बोटं झाली.

त्याच लॅपटॉपवर मी नूतनची पत्रिका केली. शेजारच्या दिपमालाताईंच्या मुलीची पत्रिका मागून आणली आणि तिच्यातच नावं बदलली. आपल्याकडे पत्रिकेत निमंत्रक, प्रेषक, विनीत अशी सगळी भाऊबंदकी बसवावी लागते, एक नाव सुटलं तर दोन पिढ्या अबोला. म्हणून नावं मी तीन वेळा मोजली. नावं सगळी दिसत होती. नावाआधीचं श्री., सौ., चि. तेवढं पट्टीखाली होतं, आणि तिथे काय वेगळं असणार, असं मी धरून चाललो. दिपमालाताईंचे भाऊ मुलीच्या लग्नाआधीच वारले होते हे मला ठाऊक होतं, त्यांच्या मांडवात मी स्वतः हळहळलोही होतो. पण त्यांच्या नावाआधीचं 'कै.' पट्टीखाली तसंच राहील, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. छापखान्याच्या झुलालनेही एका शब्दाने विचारलं नाही. पत्रिका छापून आल्यावर मी फक्त माझं नाव वाचलं (ते सोनेरी होतं) आणि भडगावचा नि धुळ्याचा गठ्ठा तसाच पुढे धाडला.

तुमचा फोन येऊन गेल्यावर नूतनने लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्हीवर पट्टी नव्हती. भरताच्या वांग्याएवढं 'कै.' सगळ्या घराने पाहिलं. तेव्हापासून कोकिळा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलंय हेही मला नूतनकडून कळतं. उरलेल्या पत्रिकांवर मी एकेक करून 'कै.' खोडून 'श्री.' लिहितो आहे.

आपला अपराधी,
प्रेमराज

ता. क. झुलालने विचारलं नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. त्याने फोन केला होता. "भाऊ, मामास्ना नावना आगे जे शे, ते बराबर शे ना?" पट्टीचं सांगायची लाज वाटली, म्हणून मी सगळ्यालाच होकार दिला, "बठ्ठं बराबर शे." तो म्हणाला, "फार वाईट झायं, भाऊ. कव्हय झायं?" मला वाटलं, लॅपटॉपची बातमी त्याच्यापर्यंत गेली. मी म्हणालो, "दोन महिना झायात. जुना व्हता, चालसच. आते भंगारमा देवाना." त्यावर त्याने फोनच ठेवून दिला.

ता. क. दुसरा. खरं विचारायचं ते लिहायचा धीर आत्ता झाला. मंगलाष्टकांआधी भटजी मामांना हाक मारतील. नूतन म्हणते, मामांनी हात धरून नेलं तरच बोहल्यावर जाईन, त्यांच्या जागी दुसरं कुणी उभं केलंत तर खोलीतून उठणार नाही. तुम्हाला यायचं नसेल तर माझं काही म्हणणं नाही, मी त्याच लायकीचा आहे. फक्त ते तिला तुम्ही स्वतः फोन करून सांगा. माझ्याच्याने सांगवत नाही.