सगळ्यांचा एकच नंबर

४ फेब्रुवारी, मंगळवार
सॉफ्टवेअरच्या सुरक्षेत भोक आहे आणि मोठं आहे — प्रियंकाने दुपारी करूनच दाखवलं. आमच्या शेळी-मेंढीपालक कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायला तिला बोलावलं होतं. येत्या मंगळवारी मंगळवेढ्याच्या कंपनीशी करार. मग दोघांचं सॉफ्टवेअर एक, जनावरांची विक्रीही एकत्र. त्याआधी आपली तयारी किती, एवढंच बघायचं होतं. निघालं भलतंच! बहुतेक सभासदांच्या नावापुढे मोबाईल नंबर एकच — अध्यक्ष तात्याबांचा.

कारण साधं. मेंढरं घेऊन माणसं महिनोन्‌महिने बाहेर. माळावर चार्जिंग कुठलं? हमखास फोन उचलणारा माणूस गावात एकच, म्हणून ज्याने-त्याने तोच नंबर दिला. ओटीपी आला की तात्याबा वाचून दाखवतात. मागेल त्याला!

प्रियंकाने समोरच्या टपरीवरून फोन लावला. "मी सिद्धरामची सून बोलते." लगेच ओटीपीचा आकडा मिळाला. वर, "जेवलीस का, बाळ?" त्या आकड्यावर ती सिद्धराम या सभासदाच्या नोंदीत शिरली. त्याचा बँक खाते नंबर बदलून स्वतःचा टाकता येतो, हे दाखवलं आणि बाहेर आली.

५ फेब्रुवारी
तात्याबा आले. "म्या चोर हाय व्हय?"
प्रियंका म्हणाली, "नाही हो तात्या, तुम्ही फार चांगले आहात. तीच अडचण आहे."
हसले. जाताना मला म्हणाले, "उद्यापासनं आकडा न्हाय दिला, तर लोक म्हनतील म्हातारा माजला." त्यांचं सगळं आयुष्य 'हो' म्हणण्यात गेलं.

६ फेब्रुवारी
संचालकांचा सूर — आधी सह्या होऊ देत, मग दुरुस्त करू. मंगळवेढेकर बिथरले तर करारच जायचा.
इथलं कार्यालय सांभाळण्याआधी मी वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढली. चूक छापली गेली की दुरुस्ती आपणच छापायची, दुसऱ्याने दाखवायची वाट बघायची नाही. तसं, सगळं कबूल करणारं पत्र मंगळवेढेकरांना लिहून टेबलावर ठेवलं. तात्याबांनी पहिली सही केली. किती हलकं वाटलं!

७ फेब्रुवारी
पत्र मंगळवेढ्याच्या कंपनीचे अध्यक्ष महादेवप्पा यांना पोचलं. उत्तर नाही.

८ फेब्रुवारी
नंबर बदलणं सुरू. घरी जे माणूस राहतं, त्याचा नंबर. बँक खातं बदलायचं तर कार्यालयात यायचं. तात्याबा सकाळपासून फोनवर — "तुजा आकडा तुज्या बायकूच्या फोनवर आलाय. मला कशाला इचारतोस? दे शिव्या, दे!" लोकांनी दिल्याही. त्यातल्या निवडक मला ऐकवल्या, हसत हसत.

९ फेब्रुवारी
महादेवप्पा फोन उचलत नाहीत. करार गेला असं धरून चालते. तरी प्रियंकाचे उपकार मानावे तेवढे थोडे. गोड बोलून निघून गेली असती तर?

१० फेब्रुवारी, सोमवार
महादेवप्पांचा फोन! "बाई, आमच्यातबी तसंच हाय की वो. फकस्त नंबर माजा हाय." आपल्याकडचं हे भोक त्यांना आधीच ठाऊक होतं. सह्या होईपर्यंत दाबून ठेवणार होते.
उद्याचा करार पुढे ढकलला. त्याऐवजी त्यांच्या सभासदांची बैठक. म्हणाले, "शिकल्यालं मानूस नगं. तात्याबास्नी धाडा. आकडा न्हाय म्हनून कसं सांगायचं, ते त्येच सांगतील."
तात्याबा पहिल्या एसटीने निघणार आहेत.