भेटायची वेळ चार ते सहा

पिंपरी,
ता. ६ फेब्रुवारी १९७९

ती. कस्तुराआक्का हिस,

ज्योतीरामचा सप्रेम जयभीम. वि. वि. मला हॉस्पिटलात ठेवून घेतल्याचं तुझ्या शेजारच्या किसनने तुला सांगितलंच असेल. तो रोज चाकणहून कंपनीत ये-जा करतो, तेव्हा हे पत्रही त्याच्याच हाती देतो.

गालाचं दुखणं तुला ठाऊक आहे. डाव्या गालातली शीर बिघडली आहे. बोललं, चावलं, गार वारा लागला की जबड्यातून वीज जाते. गोळ्यांनी अंगावर पुरळ उठलं, म्हणून आता सकाळी भुलीच्या जातीचं औषध सलाईनमधून थेंब थेंब हाताच्या शिरेत सोडतात. तेवढा वेळ कान वाजतात, जीभ जड होते, पण दुपारी गाल शांत असतो. पद्मजा डॉक्टरांचं म्हणणं असं, की हा आराम संध्याकाळपर्यंत टिकू लागला तर औषध लागू पडलं. नाही टिकला, तर सोमवारी सुई टोचून गालातली ती शीरच मारायची. दुखणं जाईल, पण डावा गाल आणि ओठ कायमचा बधिर. शब्द स्वच्छ निघतील याची हमी त्या देत नाहीत. शिकाऊ कामगारांना मी दिवसभर बोलूनच शिकवतो. बोबड्या मास्तराला कोण ठेवील?

आता तक्रार. भेटायची वेळ चार ते सहा. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते आणि कंपनीची बस नेमकी हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबते. त्यामुळे आमचं अख्खं टूलरूम खातं खाटेभोवती उभं राहतं. आलेला प्रत्येक जण विचारतो, मास्तर, झालं तरी काय? मी पहिल्यापासून सांगतो. सांगून संपतं न संपतं तोच दुसरी तुकडी येते. इंद्रायणी मध्येच सांगू लागली, तर लोक तिला म्हणतात, वहिनी, त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

माणसं मायेने येतात आणि मी त्यांच्यावर वैतागतो, याची रात्री लाजही वाटते. तरी एक विनंती, चाकणहून तू कोणाला पाठवू नकोस.

मुलांना आशीर्वाद. तुझी माया आहे तशी राहावी.
तुझा,
ज्योतीराम


चाकण,
ता. ७ फेब्रुवारी १९७९

चि. ज्योतीराम यास,

कस्तुराचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं, पण उशिरा पोचलं. उद्या दुपारी टेंपो निघतोय. कोंडीराममामा, जाईबाई, सोनबा आन् वस्तीतली आणखी माणसं येणार हायेत. आता मी कोणत्या तोंडानं सांगू की येऊ नका? आपल्या दादाच्या आजारपणात हीच माणसं ससूनपर्यंत चालत गेलती. त्येंना नको म्हणलं तर म्हणतील, मास्तर शिकला तसा मोठा झाला.

बरं, येवढं जड कशाला करतोस? माणसं आली की हात जोडायचे आन् डोळे मिटून पडायचं. आजारी माणसाला कोणी उठवीत न्हाई. तुला लहानपणापास्नं सवय, कोणी एक विचारलं की चार सांगायचं. मास्तरकी कंपनीत कर, खाटंवर कशाला?

मामांना मोठ्यानं बोलल्याबिगर ऐकू येत न्हाई, ते ध्यानात ठेव. भाकरी पाठवीत न्हाई, कण्या पाठवतेय, त्या चावाव्या लागत न्हाईत. इंद्रायणीला म्हणावं, तू बी जेवत जा.

तुझं बरं चिंतणारी,
कस्तुरा


पिंपरी,
ता. ८ फेब्रुवारी १९७९

ती. आक्कास,

सप्रेम जयभीम. वि. वि. तुझा टेंपो आला.

तू सांगितल्याप्रमाणे मी हात जोडले आणि डोळे मिटले. जाईबाईंना वाटलं माझी शुद्ध गेली. त्यांनी असा हंबरडा फोडला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. त्यांची समजूत घालायला मला बोलावंच लागलं. मग मामांनी विचारलं, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून सांगितलं. ओरडून सांगितलेलं सोनबाने नीट ऐकलं नव्हतं, म्हणून पुन्हा सांगितलं. तिसऱ्या सांगण्याला जी कळ आली, तिने मी उशीत तोंड खुपसलं.

त्याच वेळी पद्मजा डॉक्टर फेरीला आल्या. त्यांनी गाल बघितला, माझे डोळे बघितले आणि म्हणाल्या, औषध टिकत नाही, सोमवारी सुईच द्यावी लागेल.

आक्का, त्याच क्षणी सांगायला हवं होतं, की बाई, दुपारी मी शांत होतो, हे सगळं बोलण्याने झालं. पण मामा खाटेला टेकून उभे होते. चाकणहून टेंपोत धक्के खात आलेल्या म्हाताऱ्यासमोर, तुमच्यामुळे दुखलं, असं कसं म्हणू? मी मान डोलावली आणि गप्प बसलो. दोन तास नको तिथे बोललो आणि बोलायचं तेव्हा गप्प!

आता दुसरीच शंका खाते आहे. खरोखर बोलण्यानेच दुखतं, की सुईच्या भीतीने मी माणसांवर खापर फोडतो आहे? आल्यापासून एकही संध्याकाळ न बोलता गेलेली नाही, मग ठरवणार कसं? डॉक्टरांचं ऐकावं हेच बरं, असंही वाटतं.

कण्या चांगल्या होत्या. माझ्यावर रागावू नकोस.
तुझा,
ज्योतीराम


चाकण,
ता. ९ फेब्रुवारी १९७९

चि. ज्योतीरामास,

आशीर्वाद. रागावू नको म्हणतोस? पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. पोरांना केसाएवढं माप चुकलं म्हणून बोल लावतोस, आन् स्वतःचं तोंड कायमचं बधिर होतंय तर मान डोलावतोस! मामाची भीड आन् शिरंची न्हाई? मामांना मी लगेच इचारलं. म्हणले, अगं, त्याला तरास होतोय हे मला कुणी सांगावं तर!

उद्या मी येतेय. चार वाजता वॉर्डाच्या दाराशी बसते. भेटायला येईल त्याला परत धाडणार न्हाई, ते आपल्याला शोभत न्हाई. त्यानं दारातनं तुला बघावं, हात जोडावा, आन् माझ्यापाशी बसावं. पहिल्यापास्नं शेवटपर्यंत सगळं मी सांगीन. कितीबी येऊ देत.

पण डॉक्टरीणबाईंशी मी बोलणार न्हाई. ते तुझं तू सांगायचं, माणसं असली तरी त्येंच्या देखत सांगायचं.

तुझी,
कस्तुरा


पिंपरी, वॉर्डातून,
ता. ११ फेब्रुवारी १९७९

ती. आक्कास,

सप्रेम जयभीम. तू दाराबाहेर बसली आहेस आणि मी आतून पत्र लिहितो आहे, याला इंद्रायणी हसते आहे. पण मला बोलायला बंदी आहे. ती कशी आली, ते तुला कळायला हवं.

काल सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. किसन नाइट शिफ्ट करून डबा द्यायला आला होता, त्याच्या देखत सांगितलं. त्याचा चेहरा पडला, मला वाईट वाटलं, तरी शेवटपर्यंत सांगितलं. बाई माझ्यावर अशा भडकल्या! हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाही, आम्ही औषध तपासतो की तुमची भिडस्त जीभ, असं म्हणाल्या. मग हुकूम दिला, की एक अक्षर बोलायचं नाही, आणि दोन संध्याकाळी बघून सुईचं ठरवू.

काल दिवे लागेपर्यंत गाल शांत राहिला. आजही आतापर्यंत शांत आहे. मघाशी त्या फेरीला आल्या, पंखा मुद्दाम माझ्या तोंडावर फिरवला. मी कळ यायची वाट बघत राहिलो. आली नाही. त्यांनी परिचारिकेला सांगितलं, उद्याची सुई रद्द, सलाईन आणखी आठवडाभर चालू ठेवा.

आता एक राहवत नाही म्हणून लिहितो. दारातून तू मला दिसतेस. टूलरूमच्या लोकांना सांगताना तू दर वेळी उजव्या गालावर हात ठेवतेस. माझा डावा आहे. शिवाय काल पुन्हा आलेल्या जाईबाईंना तू सांगितलंस, की भावाच्या डोक्यात कंपनीचा करंट शिरला. मामांना ओरडून सांगितलंस, की बाटलीतलं औषध विलायतेहून येतं. यातलं काहीही खरं नाही. लोक माना डोलावतात, च्‌ च्‌ करतात, समाधानाने घरी जातात. मला दोनदा उठून बाहेर यावंसं वाटलं, दुरुस्त करावंसं वाटलं. एकदा तर पायात चपला घातल्या होत्या.

परत काढून ठेवल्या. उजवा तर उजवा. अजून तासभर आहे, आणि फाटकाशी रविवारच्या ओव्हरटाइमवाल्यांची बस थांबल्याचा आवाज आला आहे. तू सांगत राहा.

तुझ्या मायेत असलेला,
ज्योतीराम