मनगटाला विचारून

३ फेब्रुवारी

पहिला दिवस, आणि मशीनला हात लावू दिला नाही! मोठ्या जाऊबाईंचं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान, तिथे मी आजपासून कामाला. शिवणाचा कारखाना बंद पडला, दोन महिने घरी बसले, तर सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं — घरचंच दुकान आहे, शिकेल की. शिकेल म्हणे! दिवसभर ब्रशने ब्लेडांमधले केस काढत बसले. नाकात केस, चहात केस.

त्यात अक्कल निघाली ती वेगळीच. जाऊबाईंनी सात नंबरचं ब्लेड मागितलं, ते सापडेना, म्हणून मी दहाचं दिलं. नंबर मोठा म्हणजे केस लांब राहणार, असं कुणालाही वाटेल ना? इथे सगळं उलटं. नंबर मोठा तितके केस बारीक. हे ताईंनी मला गिऱ्हाइकासमोर सांगितलं. तोंडावर मी त्यांना ताई म्हणते. मनात काय म्हणते ते वहीतही लिहिण्यासारखं नाही.

९ फेब्रुवारी

लिहून ठेवते, नाहीतर उद्या पुन्हा बोलणी.

नव्या ब्लेडवर कारखान्यातलं चिकट तेल असतं, ते आधी धुऊन काढायचं. पूर्ण कोरडं करायचं. मग आपलं तेल, दातांवर दोन-तीन थेंब, मागे एकेक. मशीन जरा चालवायचं आणि वर आलेलं तेल पुसायचं. पाती दोन. खालचं जागचं हलत नाही, वरचं सरकतं. सरकणाऱ्याचे दात खालच्यापेक्षा केसभर मागेच हवेत. पुढे आले की कातडी कापली. स्क्रू सैल राहिला तर केस ओढले जातात, जास्त आवळला तर ब्लेड लवकर तापतं. ताई म्हणाल्या, घट्ट म्हणजे चांगलं असं नसतं. हे त्यांनी आपल्या स्वभावालाही एकदा सांगावं.

माझी एक युक्ती मात्र त्यांनाही सुचली नव्हती. स्क्रू नीट बसला की त्याच्यावरून खाली पट्टीपर्यंत लाल नेलपॉलिशची बारीक रेघ. रेघ तुटली की समजायचं, स्क्रू हलला. ताईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत. म्हणजे आवडलं असणार.

१२ फेब्रुवारी

"मनगट!"

दर दहा मिनिटांनी ही हाक. नाव नाही, अगं नाही, नुसतं मनगट. मग मी हातातलं टाकून धावायचं, हात उलटा धरायचा. त्या मशीन बंद करून ब्लेड माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवतात. गरम म्हटलं की बदलतात, थंड म्हटलं की पुढे चालू. स्वतःला मनगट नाही का? कुत्र्याची कातडी मोलाची, माझी फुकटची!

१३ फेब्रुवारी

ताई एक चप्पल घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. दुसरी दारातच पडलेली. पत्ताच नाही! राणीसरकारांची नजर कायम आभाळात.

२० फेब्रुवारी



निवृत्त मास्तरीणबाई त्यांच्या गोटीला घेऊन आल्या होत्या. गोटी म्हणजे म्हातारी, पांढरी, लाडाने वाया गेलेली कुत्री. ताईंनी मशीन सुरू केलं. मी मागे टॉवेल वाळत घालत होते. एकदम गोटी अशी किंचाळली की माझ्या हातातला टॉवेल मातीत गेला. धावत आले तर पोटावर लाल चट्टा. भाजली होती बिचारी. मास्तरीणबाई रडत होत्या.

आणि ताई त्यांना शांतपणे सांगतात काय, तर — "ही नवीन आहे ना, हिने स्क्रू फार आवळला."

मी! ब्लेड मी बसवलं होतं, खरंय. पण आवळलं नव्हतं. मला तर मनगटासाठी हाकही मारली नव्हती. मास्तरीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मान वर करवेना.  मशीन शिकायचं राहिलं बाजूला, उद्यापासून मी फक्त अंघोळीच्या कोपऱ्यात.

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, वहिनी खोटं कशाला बोलेल? हात धुऊन जेवायला बसला.

२१ फेब्रुवारी

रात्रभर वाटत राहिलं, आवळला असेल का मी खरंच?

दुकान उघडताच आधी ते ब्लेड काढून बघितलं. रेघ अखंड! केसभरसुद्धा तुटलेली नाही. ताईंपुढे धरलं. म्हटलं, स्क्रू हललेला नाही, नुसतं फार वेळ चालवल्याने तापलं असणार. त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "मी माझ्या मनगटावर लावून बघितलं होतं, थंड होतं." थंड ब्लेडने कुत्रं भाजतं का कुठे? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

गल्लीपलीकडच्या अशाच दुकानात माणूस हवाय असं ऐकलं. पण या दुकानातून गेले तर "हिनेच भाजलं" हेच माझ्यामागे येणार. आधी डाग निघू दे, मग जाईन.

२७ फेब्रुवारी

सात दिवस शांपू. बोटांना सालं निघाली.

२ मार्च

आज दिसलं.

ताई एका दांडग्या काळ्या कुत्र्याचे केस कापत होत्या, मी टॉवेल घेऊन टेबलापाशी गेले. मला हाक मारत नाहीत आता, स्वतःच बघतात. ब्लेड मनगटाला लावलं, चांगलं टेकवून धरलं, आणि थंड आहे असं पुटपुटल्या. मग दुसऱ्या नंबरचं लावायचं म्हणून ते काढून माझ्याकडे पुसायला सरकवलं. मी उचललं आणि टाकून दिलं. चटका बसला!

त्यांचा हात धरून बाही वर केली. मनगटावर ताजा लाल पट्टा. त्याच्या वर जुने, काळे पडलेले. चार मोजले. ताईंची सहा वर्षांची शुगर, बिनसाखरेचा चहा, दारात राहिलेली चप्पल, सगळं एकदम डोक्यात आलं. शुगरने हातापायांना बधिरपणा येतो म्हणतात, तोच हा.

"कधीपासून कळत नाही?" मी विचारलं.

 त्यांनी हात सोडवून घेतला. मग म्हणाल्या, "हातच गेला असं लोकांना कळलं तर माझं काय उरतं?"

"आणि माझं काय उरलं, ताई?"

त्यांनी बाही खाली ओढली आणि कुत्र्याकडे वळल्या. म्हणजे यांना ठाऊक होतं! मनगट मनगट म्हणून हाका मारायच्या त्या याचसाठी. आणि त्या दिवशी मी दोन मिनिटं मागे गेले, तर यांना तेवढंही थांबता आलं नाही. कीव यायला हवी होती. आली नाही. राग आला, अजून आहे.

६ मार्च

मास्तरीणबाई आल्या, गोटीला घेऊन. पोटावर नवे केस उगवलेत. दारातूनच म्हणाल्या, हिच्या हातात देऊ नका हं. मी अंघोळीच्या कोपऱ्यात, पाठ करून.

मशीन सुरू झालं. दहा मिनिटांनी बंद झालं. "मनगट" अशी हाक आली नाही. ताई स्वतः कोपऱ्यापर्यंत आल्या, माझा ओला हात पुसला, धरून टेबलापाशी नेला आणि मास्तरीणबाईंना म्हणाल्या, "हिला विचारूनच कापायचं. त्या दिवशी मी माझ्या हाताला विचारलं होतं, आणि माझ्या हाताला काही कळत नाही."

ब्लेड माझ्या मनगटावर टेकलं.

गरम आहे, मी म्हटलं. त्या थांबल्या.