हसऱ्या गावातून चोरपावलांनी

३ जून
पोचले एकदाची! खोली ऑफिसच्याच वरच्या मजल्यावर आहे. मोठी खिडकी, गादी नवी कोरी, आणि कपाटाचं दार चक्क लागतं. आईला फोन केला, तर नोकरीचं राहिलं बाजूला, आधी जेवलीस का म्हणून विचारलं.

काम म्हणजे मजाच. दिवसभर व्हिडिओ गेम खेळायचा आणि कुठे बिघडतोय ते सांगायचं. गेममध्ये एक हसरं गाव आहे. तिथे दुःखी दिसणं हाच गुन्हा. आपण एक बाई असतो; पहारेकऱ्यांना चुकवत, भिंतींच्या आडोशाने, चोरपावलांनी वेशीबाहेर पडायचं. कुणी समोर आलंच तर बटण दाबून हसायचं.

धाकटी बहीण असती तर म्हणाली असती, आयुष्यभर ज्या गेमपायी मार खाल्लास त्याचाच पगार घेतेस! ती जाऊन तेरा तारखेला वर्ष होईल. इथे कुणाला सांगितलेलं नाही. नव्या जागी कशाला रडगाणं?

५ जून
शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ गेमचे आवाज तयार करतात. स्वतःचा आवाज इतका बारीक की सगळे त्यांना भोंगा म्हणतात. त्यांनी मला त्यांची रेकॉर्डिंगची खोली दाखवली. काचेची भिंत, दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ओल्या गोणपाटावर बूट आपटून पहारेकऱ्यांची पावलं कशी काढतात, तेही करून दाखवलं. त्यांची बायको दवाखान्यात आहे. हे सांगताना मात्र ते इकडेतिकडे बघत होते.

आमच्या साहेबीणबाईंना सगळे ताई म्हणतात. मायाळू आहेत. पण जेवताना त्या हसल्या की सगळे एकदम हसतात आणि त्या थांबल्या की एकदम थांबतात. नवीन आहे म्हणून मला वाटत असेल.

८ जून
भोंगांची बायको गेली. फोन ऑफिसातच आला. टेबलावर डोकं ठेवून ते ढसाढसा रडले. ताईंनी खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना खाली आरामखोलीत नेलं. किती आपुलकी, असं मला वाटलं. मग लक्षात आलं, कुणीच मान वर करून बघितलं नव्हतं.

११ जून
भोंगा परत आले. टवटवीत, भांग पाडलेला. मी हळूच म्हटलं, वहिनींचं ऐकून फार वाईट वाटलं.
ते खळखळून हसले. "कोण वहिनी? अगं, मी तर सडाफटिंग माणूस!"
सगळे हसले. मीसुद्धा हसले.

१२ जून
गेममध्ये काहीतरी गडबड आहे. माझी बाई भिंतीआड, वर हसतेय, तरी पहारेकरी थेट तिच्यावर चालून येतात. पुन्हा खेळले, पुन्हा तेच. मग स्क्रीनवरचा कॅमेरा दिसला. मुद्दाम धाकटीची आठवण काढली, आणि पहारेकऱ्यांच्या माना वळल्या. खोटंच हसले, ते निघून गेले. ते बाईला शोधतच नाहीत. मला शोधतायत.

कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. सगळे पहारेकरी थांबले आणि स्क्रीनमधून बाहेर बघायला लागले.

१३ जून
आईचा फोन टेबलावरच घ्यावा लागला. ती रडत होती. मी कॅमेऱ्याकडे बघत हसत हसत बोलले. हो, हो, छान आहे, अगदी मजेत. आई म्हणाली, "आजच्या दिवशी तरी हसू नकोस गं."
फोन ठेवला तिने.
एकच थेंब. पुसला लगेच. पण ताई मागेच उभ्या होत्या. मनात काही आहे का म्हणून विचारलं. डोळ्यात कचरा गेला म्हटलं. त्या गोड हसल्या.

१४ जून
भोंगांनी स्वतःहून ताईंना सांगितलं, ही काल रडली. माझ्या भल्यासाठीच म्हणे. एकदा खाली जाऊन ये, पिसासारखं हलकं वाटतं. त्यांच्या फोनवर एका बाईचा फोटो होता. कोण म्हणून विचारलं, तर म्हणाले, फोनबरोबरच आला असेल.
बॅग भरली. फाटकावर पहारेकरी हसून म्हणाला, ताईंना विचारून सोडतो —
पळाले. रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरले. आतून लॅच लावलं —

१४ जून, दुपार
काचेपलीकडे सगळे जमलेत. हसतायत. आवाज येत नाही, नुसते दात. ताई काचेवर हळुवार टकटक करतायत. भोंगांकडे किल्ली आहे. त्यांचीच खोली ना —
धाकटी गेली हे दुःख माझं आहे. ते नेलं तर तीही जाईल. लिहून ठेवते —
डावखुरी होती. झोपेत दात खायची. माझे सगळे ड्रेस ढापायची. रागावली की मला ताई न म्हणता नुसतं अगं म्हणायची. शेवटच्या दिवशी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, अगं, तू —
लॅच फिरतंय. काय म्हणाली ते लिहायलाच हवं. म्हणाली, तू माझ्यामागे