माणसं खाली आली

४ ऑक्टोबर २००३

आज उपकेंद्राचा ताबा घेतला आणि खरंच सांगतो, मन भरून आलं. पेठ रस्ता सोडून टेकडी चढलं की उघडा माळ, जाळीचं कुंपण, आत दोन ट्रान्सफॉर्मर. खाली पिवळी पडत चाललेली भातखाचरं आणि त्यांच्या कडेकडेनं विखुरलेले पाडे. त्या पाड्यांवरचा दिवा इथून लागतो. क्रांत्यांवरची पुस्तकं पुष्कळ वाचली, पण ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चिमणी जळली त्या घरात बल्ब लावणं ही क्रांती नाही तर काय? स्वागताच्या चहावर मी हे जरा मोठ्यानंच बोललो. लाइनमन देवराम म्हणाला, “सायेब, दमानं. फ्यूज उडंल.” माणूस आवडला.

७ ऑक्टोबर

इथली एक रीत वेगळीच आहे. देवराम खांबावर चढण्याआधी मी स्विच उघडतो, म्हणजे लाइन बंद करतो, आणि त्याला कुलूप लावतो. काम संपलं की तो चालत इथवर येतो, समोर उभा राहतो आणि म्हणतो, “माणसं खाली आली.” मगच वीज सोडायची. इतर उपकेंद्रांत फोनवरच्या निरोपावर भागवतात. इथे चेहरा दिसल्याशिवाय नाही.

मी कारण विचारलं. झाडलोट करणाऱ्या झुंबरबाईंनी सांगितलं. त्यांचा नवरा गेणू इथेच लाइनमन होता. तो खांबावर असताना फोन आला, माणसं खाली आली. वीज सोडली. फोन कुणी केला ते कधीच कळलं नाही. बाई पुढे शांतपणे म्हणाल्या की तो फोन अजून येतो.

असल्या समजुतींवर मी भर सभांत तुटून पडलो आहे. इथेही पडेन. खरा राग वेगळाच आहे: तारा जमिनीशी जोडणारे रॉड असतील तर चुकून वीज सुटली तरी वरचा माणूस वाचतो. आमचे रॉड मोडलेत. वरिष्ठ म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. गरिबाचा जीव कुणाच्या तरी शब्दावर टांगायचा आणि भिंतीवर सुरक्षा सप्ताहाचे फलक लावायचे!

१३ ऑक्टोबर

दुपारी देवराम ओढ्यापलीकडे खांबावर होता. फोन वाजला. मी उचलला. देवरामचाच आवाज, तसाच हसरा. माणसं खाली आली सायेब, सोडा.

मी कुलूप काढलं. फोनवर भागवायच्या जुन्या सवयीनं. हात स्विचच्या मुठीवर गेला तेव्हा झुंबरबाईंनी माझं मनगट धरलं, नखं रुतली. खिडकीकडे बघा, म्हणाल्या.

देवराम वरच होता. दोन्ही हात तारेवर.

त्याच्याकडे फोन नाही, हे मला त्या क्षणी सुचलंही नव्हतं.

१४ ऑक्टोबर

देवरामला सगळं सांगितलं. माफी मागितली. तो तंबाखू मळत राहिला आणि म्हणाला, “चला, तुम्हीबी आता इथलं झालं.” हसला, पण मळलेली तंबाखू तोंडात न टाकताच झटकून दिली. गेणूचं भूत असेल का, असं मी (मी!) विचारलं. झुंबरबाई भडकल्या. गेणू नाय तो, म्हणाल्या, गेणूला ज्यानं खाल्लं तो हाय.

१८ ऑक्टोबर

कुणाची तरी बदमाशी असेल, असं स्वतःला बजावत होतो. आज फोन उचलला. पलीकडे मी होतो.

माझा आवाज. माझीच ती शब्दांवर जोर द्यायची ढब. माणसं खाली आली, म्हणाला. पुन्हा पुन्हा. घोटून घेत असल्यासारखा.

२२ ऑक्टोबर

आमच्याकडे वीज आणणारी मुख्य लाइनच तुटली; ती चालू असली की पॅनेलवर लागणारा लाल दिवा विझलाय. आरोग्य केंद्र अंधारात, तिथे अडलेली बाळंतीण आहे. देवराम निघाला. थांबवू तरी कसा?

या लाइनचा स्विच आमच्याकडे नाही, पलीकडच्या टोकाच्या उपकेंद्रात आहे. तिथे वाल्मीक असतो. मोटारसायकलवर स्वतः गेलो, माझ्यासमोर स्विच उघडायला लावला. बजावलं, फोनवर कुणीही बोललं तरी ऐकू नकोस, आवाज माझा असला तरी नाही. मी समोर येऊन उभा राहीन तेव्हाच सोड. त्यानं शपथ घेतली.

आता परत आलोय. देवराम वर आहे, इथून दिसतो. तो खाली आला की मी वाल्मीककडे निघणार. आज निदान —

नंतर. राहवलं नाही. वाल्मीकला फोन केला. फक्त विचारायला, ठीक आहे ना.

तो हसला. म्हणाला, आलास का रे, सायेबांनी सांगितलंच होतं तू येणार. आवाज अगदी हुबेहूब काढतोस. पण सायेब तर इथे समोर चहा घेतायत. माणसं खाली आली म्हणाले.

मी ओरडलो. त्यानं ठेवून दिला.

झुंबरबाई खांबाकडे धावतायत. मीही धावलो, फाटकापर्यंत — खांब लांब — परत आलो. फोनच जवळचा. लावतोय. घंटा वाजतेय. उचलत नाही. मीच शिकवलं त्याला, फोनवरचं ऐकू नकोस —

रिसीव्हर खांद्याला. लिहितोय, कारण नंतर सगळे म्हणतील मी तिथे होतो. मी इथे आहे. इथे, खिडकीपाशी. देवरामला हातवारे करतोय. उतर, उतर — त्याला दिसलो. हात हलवतोय. हसतोय. एकच हात तारेवर, दुसरा —

वाल्मीक, त्याच्या कपाकडे बघ, तो पीत नसेल, तो —

पॅनेलवरचा लाल दिवा