यालमारी नाही म्हणाला

केंटकी, ता. २ एप्रिल

ती. औलिसमामांस, रायमोचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोहोचलो. तुम्ही दिलेला राय धान्याचा काळा पाव आईकडे मिनेसोटाला पाठवला. तुमची बहीण त्याला कुणालाही हात लावू देत नाही.

अप्रिय बातमी माझ्याकडूनच कळावी. तुमच्या फिनिश सैन्याबरोबरच्या संयुक्त सरावात अमेरिकेचा निरीक्षक म्हणून मी पाहिले ते लिहिले. तुमच्या राखीव कंपनीतल्या कॉर्पोरल यालमारीने गोठलेल्या सरोवरावर ट्रक घालायला नकार दिला. वर सगळ्यांदेखत तुम्हाला सुनावले, की औलिस, तू शाळेत बर्फ फळ्यावर काढतोस, मी त्यावरून रस्ता काढतो, तेव्हा मुकाट्याने खाली उतर. आणि मामा, तुम्ही कॅप्टन असून उतरलात. मोजल्यावर बर्फ भरपूर जाड निघाला. तीन तास वाया गेले. मी ‘आज्ञाभंग’ असा शेरा दिला.

त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार करा, नाहीतर कंपनी सोडा, असे तुम्हाला वरून कळवल्याचे ऐकतो. मामा, तक्रार करा. अठरा वर्षांची कंपनी एका तोंडाळ माणसापायी घालवू नका.

मामींना नमस्कार. राग आला तरी पत्र पाठवावे.

आपला,
रायमो

काजानी, ता. ११ एप्रिल

चि. रायमो यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले, एकदा मामा म्हणून, एकदा मास्तर म्हणून. मामा रागावलेला नाही. मास्तराला मात्र तुझ्या उत्तरात एक पायरी गाळलेली दिसते, ती भरतो.

तुमच्याकडे माणूस आपण होऊन सही करतो आणि सैनिकी हाच त्याचा पेशा होतो. त्याला जे येते ते बहुतेक सैन्यानेच शिकवलेले. म्हणून वरच्याला जास्त कळते, हे गृहीत धरून चालते. आमच्याकडे कायदा पोराला बोलावतो, वर्षाच्या आत घरी पाठवतो, आणि पुढे अधूनमधून आठवडाभर परत बोलावतो. मधल्या काळात तो सुतार होतो, नाहीतर यालमारी होतो: वीस हिवाळे सरोवरावर वाहनांचा रस्ता आखणारा. ही विद्या सैन्याने दिलेली नाही, तो ती घरून घेऊन येतो. ती हवी असेल तर त्याचे ‘नाही’ही ऐकावे लागते.

यालमारी चुकला, हे मान्य. सॉनात, त्या वाफेच्या खोलीत, सगळ्यांनी त्याला सोलून काढले. तो वरच्या बाकावर, मी खालच्या. अधिकाऱ्यांची पाळी संपेल म्हणून तू बाहेर कुडकुडत उभा राहिलास. बाळा, आमच्यात तशी पाळी नसते. पण चुकलेल्या नकाराला शिक्षा केली, की बरोबर नकारही पुन्हा ऐकू येत नाही. पुढच्या वेळीही माणसे येतील, कायदा आणेलच त्यांना; तोंडे मात्र घरी ठेवून येतील.

म्हणून तक्रार लिहिणार नाही, असे एका ओळीत कळवून टाकले. कंपनी काढून घेतली, तर यालमारीच्या हाताखाली जाईन. तो जरा माज करील, एवढेच.

तुला एक गृहपाठ: तुझ्या हाताखालची माणसे सैन्यात येण्याआधी काय करत होती, ते लिहून पाठव.

माया होती तेवढीच आहे.

तुझा मामा,
औलिस

केंटकी, ता. २६ एप्रिल

ती. मामांस, सा. न. वि. वि.

गृहपाठ केला. नऊजणांना विचारले. काही चुकले असे वाटून सगळे आधी ताठ उभे राहिले. एकजण विहिरी खणायचा, एकजण मधमाश्या पाळायची. चार वर्षे बरोबर आहेत, मला ठाऊक नव्हते.

दहावा विचारायला उरलेला नाही. दोन वर्षांपूर्वीचा तो अपघात मी तुम्हाला नीट सांगितला नव्हता. मीच ड्रायव्हर डेलमारला नदीत गाडी घालायला सांगितले होते. तो ‘होय, सार्जंट’ म्हणाला आणि गेला. अंत्यविधीला त्याचे वडील म्हणाले, की पोरगा त्याच नदीकाठी वाढला, तळ कुठे खचतो हे त्याला पाठ होते. मी अहवालात ‘आज्ञेचे तत्पर पालन’ लिहून मोकळा झालो होतो.

यालमारीवरचा शेरा मी मागे घेतला आहे; तुमच्या वरिष्ठांनाही तसे कळवले. मेजर म्हणाले, की बढतीच्या तोंडावर असला वेडेपणा बरा नव्हे, पूर्वीचाच शेरा राहू दे. मी नाही म्हणालो. बारा वर्षांत पहिल्यांदा. जमले.

पुढच्या सरावाला मला पाठवतील की नाही, देव जाणे. पाठवले, तर सॉनाबाहेर थांबणार नाही. खालच्या बाकावर तुमच्या शेजारी जागा धरून ठेवावी, आणि लोभही.

आपला भाचा,
रायमो